बर्डीची मागची गल्ली

१४ नोव्हें. १९७३
बाजार-सुधार समितीची बैठक. सात जणांत मी एकटी बाई. मला घेतलं ते बैठकीचं इतिवृत्त इंग्रजीत लिहायला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी घोटून घेतलेलं अक्षर. बर्डीच्या बाजारात नव्याने जान आणायची म्हणे. मुंबईहून आलेल्या तरुण नियोजनकाराने नकाशा पसरला. भाजीवाल्या बायकांची मागची गल्ली हिरवी रंगवलेली, मधोमध कारंजं. विचारलं, आणि या बायका? "त्यांचं बघू." किळस आली. तरी इतिवृत्तात उतरवून घेतलं.

१७ नोव्हें.
अध्यक्षांचा निरोप : बायकांना योजना समजावून सांगा, हजेरी घ्या. वरचा मथळा ऑफिसात टाइप करू. कोरा कागद घेऊन गेले.
लहानपणी शाळेच्या मधल्या सुट्टीत याच गल्लीत तिखटमीठ लावलेली बोरं. तोंड पुसलं तरी सिस्टरना कळायचंच. अनसूया तेव्हा आईच्या टोपलीमागे झोपलेली असे, एवढीशी. आता तिची टोपली.
सगळ्यांनी अंगठे लावले. अनसूया रागावली, "मले सही येते जी! अंगठा काहून लावू?" एकेक अक्षर दाबून काढत बसली. शेजारची भागीरथी म्हणते, "झालं का वं? का संत्रे सडल्यावर होईन?" किती हसलो.

२६ नोव्हें.
टाइप केलेले कागद आले. माझी हजेरी मागे जोडलेली. तिच्या माथ्यावर मजकूर : आम्ही राजीखुशीने गल्ली सोडून नंदनवनच्या पलीकडच्या जागेवर जाण्यास तयार आहोत.
तिथे गिऱ्हाईक कोण? उजाड माळ.
अध्यक्षांना फोन केला. "ताई, तुम्हीच तर आणल्यात सह्या." आणि हसले. ओकारी यावी असं हसणं. त्याहून माझी मला शिसारी. कोरा कागद! या वयात!

२८ नोव्हें.
गल्लीत जाऊन खरं ते सांगितलं. हरकतीचा अर्ज नेला होता, मोठ्या अक्षरांत. वाचून दाखवला. एकही हात पुढे आला नाही. अनसूया मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडत राहिली. मग, "आता आमी कोनत्याच कागदाले हात लावत नाई, बाई. तुमी नेला ना तो? तुमीच सांगा तिकडे. तोंडानं."
"सांगतीन वं," भागीरथी म्हणाली, "च्या-बिस्कुट खाऊन झाल्यावर."
कुणी हसलं नाही.

३० नोव्हें.
उद्या अकराला समितीत योजनेची मंजुरी. ह्यांचं म्हणणं, राजीनामा पाठव, सुटशील. मी सुटेन. कागद फायलीत राहील, गल्ली जाईल.
सकाळपासून आरशासमोर म्हणून बघतेय. "ही संमती खोटी आहे." हे ठणठणीत येतं. "कोरा कागद मी नेला होता, सह्या मी घेतल्या" इथे आलं की अडते, पुन्हा पहिल्यापासून म्हणते. उद्या तिथे हेच आधी म्हणेन.