एकेचाळीसावं मिनिट

ती. दादांस,

आदरपूर्वक नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं आणि वहिनींच्या रक्तदाबाचं सध्या काय म्हणणं आहे ते कळवा. मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणतो. गेल्या महिन्यात मात्र आपल्या घरच्या टॉकीजवर संकट आलं.

टॉकीज म्हणजे तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनशेजारी घुरघुरणारा तो जुना कॉम्प्युटर. आमचे सगळे सिनेमे आणि लग्नाची कॅसेट (तुम्ही तिच्यात तीनदा जांभई देता) असं सगळं मी त्यात भरून ठेवलंय. ते आमच्या टीव्हीवर आणि तिकडे तुमच्या घरी पोचवणारं सॉफ्टवेअर बारा वर्षं फुकट होतं, आणि बारा वर्षं मी त्याला नावं ठेवत आलो. आता कंपनी म्हणते, घराबाहेरून पाहायचं तर पैसे भरा. (घराबाहेरून पाहणारे आपल्यात फक्त तुम्ही आहात, हे मी मुळीच सुचवत नाही.) माझं डोकं फिरलं. त्यांचं काही धड चालत नव्हतं तेव्हापासून आम्ही त्यांच्याबरोबर, आणि आम्हालाच तिकीट? तीन पानी निषेध लिहिला. तीन मिनिटांत उत्तर आलं, की आपला अभिप्राय मोलाचा आहे.

मग हट्टाला पेटून दुसरं फुकटातलं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात चार दिवस आणि एक चष्मा गेला (खाली वाकून वायर शोधताना त्याच्यावरच गुडघा टेकला). सिनेमे सगळे आले, पण प्रत्येकाखाली लिहिलेलं, 'न पाहिलेला'. तुमच्या बहिणीने दहादा पाहिलेल्यांखालीसुद्धा. जुन्यात तिच्या नावाचं खातं आहे. तिने कुठला सिनेमा कुठे सोडला, ती खूण तिथे राहते, आणि ते खातं उघडलं की टीव्ही विचारतो, पुढे पाहायचं का. शेवटचा तिने एकेचाळीसाव्या मिनिटाला थांबवला. दवाखान्यात निघताना म्हणाली, "राहू दे तसाच, आल्यावर बघते." त्याला दोन वर्षं झाली. नव्यात ती खूण नेता येत नाही म्हणे. दादा, मी त्या 'न पाहिलेला'समोर बसून रडलो. वहिनींना सांगू नका.

नवं त्याच दिवशी काढून टाकलं. जुनंच ठेवलंय, पण पैसे भरणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. तुमचं पाहणं बंद पडलं तर राग मानू नये.

आपला मेहुणा

ता. क. पैसे दोन आठवड्यांपूर्वीच भरले. आजीवन. (कोणाच्या, ते फॉर्मवर विचारलेलं नाही.) तुम्ही तिकडे काही लावलंत की इथे कॉम्प्युटरचा हिरवा दिवा लुकलुकतो. घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

ता. क. आणखी एक, खरं तर एवढ्यासाठीच पत्र. गुरुवारी टीव्ही लावला तर तिचा सिनेमा अठ्ठावन्नाव्या मिनिटावर. मी उठून स्वयंपाकघरात बघून आलो. मग आठवलं, तिने तिचा पासवर्ड तुम्हाला दिला होता आणि तुम्ही अजून तिच्याच खात्यातून पाहता. मी तो मागे नेऊन पुन्हा एकेचाळीसवर आणून ठेवलाय. तुमच्या नावाचं वेगळं खातं उघडलंय, त्यातून काय वाटेल ते, कितीही वेळा पाहा. तिच्या खात्यातला तो एवढा मात्र राहू द्या.