जुना तांदूळ, ताजा कोंडा

२५ जून, बुधवार

आज सकाळी मुरादच्या भातगिरणीत कोंड्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. गरम! जित्या जनावराच्या पोटासारखा. तांदूळ पांढरा होताना अंगावरचं जे सोडतो, ते हे.

मुराद म्हणाला, "विठूभाऊ, म्हशीला न्या. कोंबडीला कोण घालतो?" तरी दोन पोती कोंडा आणि एक पोतं कणी आणली.

तयार खाद्य आता झेपत नाही. बायकोने, रोहिणीने, निक्षून सांगितलंय — ही सहाशे पिल्लं गटारीला गेली की शेड बंद. तिचा भाऊ प्रवीण रोह्याहून टेम्पो आणून खाद्याची भांडी नेणार. मी हो म्हणून बसलोय. अकरा वर्षांची शेड.

कणी बघून ती भडकली. "आत्यांनी कण्यांच्या पेजेवर पोरं वाढवली, नि तुम्ही ती कोंबड्यांना घालताय!"

म्हटलं, आईच्या त्या पोरांतलाच मी ना? वाढलो की!

२ जुलै, बुधवार

जाळी लावून पन्नास पिल्लं वेगळी केली. त्यांच्या खाद्यात पाचवा हिस्सा कोंडा-कणी. कोंडा आठवडाभर मुद्दाम मुरू दिलाय. आपल्याकडे जुन्यालाच मान.

४ जुलै

तोंड लावत नाहीत. पंख पाडून बसलीत. तीन गेली. माझ्या हाताने!

गटारीला वीस दिवस. तोवर वजन भरलं नाही, तर श्रावण लागतो, मग गणपती. पेणेत तेव्हा कोंबडी कोण विचारतो?

५ जुलै

मूठभर कोंडा घेऊन मुरादकडे गेलो. त्याने वास घेतला नि कपाळावर हात मारला. "अवो, जुना तांदूळ चांगला! कोंडा नाय! तेल हाय त्यात — चार दिवसांत खवट."

त्याची बायको जमिला आतून म्हणाली, "उद्या दूधपण जुनं शोधाल!"

सगळा कोंडा उकिरड्यावर. आता दर दोन दिवसांनी ताजा.

७ जुलै

खातायत!!

२० जुलै, रविवार

वजन केलं. जाळीबाहेरची दोन किलोची. जाळीतली — पन्नास ग्रॅमच कमी! काटा तीनदा पाहिला.

एका कोंबडीच्या छातीवर बोट ठेवून उभा राहिलो. धडधड. परवा गिरणीत भुकटी होती ती. तिचं रक्त झालं, डोळा झाला, पाय झाडायची ताकद झाली. मी फक्त पोती उचलली. आत बसून हे कोण करतं?

चार दिवसांनी ही कापली जाणार, हे ठाऊक असूनही शेडमध्ये चप्पल काढावीशी वाटली. काढली.

२४ जुलै, गटारी

दहा वाजेपर्यंत शेड रिकामी. जाळीतली कोणती, दुकानदाराला कळलंही नाही.

रोहिणी म्हणाली, "झालं ना समाधान? उद्या प्रवीण येतोय."

मी रिकाम्या शेडला हात जोडले.

२५ जुलै

श्रावण लागला. सकाळीच मुरादला सांगून आलो — गणपतीनंतर सहाशेंचा कोंडा लागेल, ताजा.

मग प्रवीणला चहा दिला आणि टेम्पो रिकामा परत पाठवला.