कॉम्प्युटरचे सोवळे

निगडी, मंगळवार, ९ नोव्हेंबर १९७६

यांच्या कंपनीत कॉम्प्युटर आलाय. त्याला मेंदू असतो, तो कारकुनांना घरी बसवणार, असे पेपरात आल्यापासून यांचे जेवणात लक्ष नाही. तो शिकायला नाव द्यायची मुदत उद्यापर्यंत. हे देत नाहीत.

"अहो, तो राहतो कुठे?"

"गार खोलीत. धूळ चालत नाही. बूट बाहेर काढूनच आत जायचे."

म्हणजे सोवळेच की! "मग त्याला पुजारी लागणारच. तुम्ही व्हा."

"सगळ्यांदेखत बूट काढू?"

तेव्हा कळले. डाव्या मोज्याचे भोक. नवे मोजे मीच दिवाळीपासून टाळतेय. पेपरला उगीच बोल लावला का मी?

भोक रफू केले. काळा दोरा संपलेला, निळा वापरला. नाव देतो म्हणाले. म्हटले, आत जाताना उजवा पाय पुढे टाका. शुभ असते, आणि लोक तोच बघतात.