यांचे चार ओहम

जानेवारी, मंगळवार संध्याकाळ

विजेच्या शेगडीची कॉइल तुटली म्हणून तसलीच नवी आणली. चहा लवकर उकळेचना. मी शिकवते त्या शाळेतलं मीटर लावलं. २३० व्होल्ट, ४.६ अँपिअर, म्हणजे ५० ओहम, १०५८ वॅट. जुनी मागं वर्गासाठी मोजलेली: ५ अँपिअर, ४६ ओहम, ११५० वॅट.

मधले चार ओहम गेले कुठं?

यांच्या पकडीत! वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट करून आले तरी हे तुटलेली टोकं पिळून जोडायचे. कॉइल आखूड, रोध कमी, चहा उतू. मी ओरडायचे, "अहो, नवी आणा की!"

"कशाला? आता लई लवकर तापंल बघ."

हे गेल्यापासून आज पहिल्यांदा तुटली. नवी काढून ठेवली. जुनी मीच पिळून जोडली. चार ओहमच्या वर आता थोडे माझेही.

चहा उतू गेला आणि तोंडातून निघालंच, "अहो!"