शालूबाईचा दुसऱ्या दिवसाचा निकाल

मी, सोजराबाई पुंजाजी अंभोरे, वय आधार कार्डाच्या मते अठ्ठ्याहत्तर आणि माझ्या मते ऐंशीच्या वर, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र तोंडी सांगते आणि माझी नात संजीवनी ते लिहून घेते. मला अक्षर येत नाही. डोकं ठिकाणावर आहे, तसा कागद डॉक्टरांनी दिला. हृदय ठिकाणावर नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मला कोणी धाक दाखवला नाही की भुलवलं नाही; उलट सगळ्यांना चहा मीच पाजला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझं बोलणं पुणेरी करू नये, अशी संजीवनीला ताकीद आहे.

कलम १. दोन खोल्यांचं टिनाचं घर आणि समोरचा ओटा मुलगा अविनाश याला. ओटा पाडून त्यानं दुकानाचं शटर लावू नये असं मला वाटतं. तो लावणार, हेही वाटतं. तो समोर बसून म्हणतो, "आई, हे काऊन लिवून राह्यली?" लिहिते, कारण तू लावशील.

कलम २. वांग्यांचं दीड एकर वावर अविनाश आणि मुलगी जयमाला यांना निम्मं निम्मं. जयमालानं हक्कसोड करू नये. भाऊबीजेच्या एका साडीवर वावर सोडणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. पोस्टात असेल त्यातून माझी माती करावी, उरेल ते जयमालाला.

कलम ३. संजीवनीला काही देत नाही. लिहिणारीलाच दिलं तर लोक बोट दाखवतील, असं वकीलसाहेब म्हणतात. तिला द्यायचं ते जितेपणी दिलं: माझं नाक आणि माझी जीभ.

कलम ४. माझी गोधडीची बसकर माझ्याबरोबर जाळावी. तिच्यावर बसून मी गावातली नाटकं, बाजाराच्या मैदानातल्या तंबूतले सिनेमे, भजनं, ऑर्केस्ट्रा, सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा निकाल सांगितला. कोणी नेमलं नव्हतं, नाद होता. बसस्टँडजवळ तुळशीराम शिंप्याच्या दुकानाबाहेर फळा होता. मी सांगायची, तो खडूनं लिहायचा, लोक बस सोडून वाचायचे. "राजाची मिशी दुसऱ्या अंकात मेली, राजा तिसऱ्यात. मिशीचं मरण जास्त खरं वाटलं," हा निकाल पोरं अजून बोलून दाखवतात.

आता तंबू येत नाही. नाटकवाली पोरं पुण्याला कंपन्यांत गेली. भजनी मंडळातले सहा जण वारले, सातव्याला ऐकू येत नाही. लग्नात डीजे लागतो तेव्हा टिनं हलतात, त्याचा निकाल मी देत नाही. भूकंपाचा कोणी देते काय? बसकर कोणाला देऊ?

कलम ५. माझा एक नेम होता. पहिल्या दिवशी मीठ, म्हणजे काय चुकलं. दुसऱ्या दिवशी मीठ पुसून गूळ, म्हणजे काय जमलं. गूळ येणार हे माहीत असल्यानं लोक मीठ सोसायचे.

बावीस वर्षांपूर्वी गणपतीत भजनाची स्पर्धा झाली. मागच्या गल्लीतली शालूबाई गोविंदा पडघान, तेव्हा चाळिशीची, पहिल्यांदाच एकटी गायला उठली आणि मध्येच चाल विसरली. मी फळ्यावर मीठ लिहवलं: "शालूबाईचा आवाज म्हणजे विहिरीत सुटलेली बादली. आवाज येते, पाणी येत नाही." बसस्टँड हसलं. मला बरं वाटलं. हेही लिही, संजीवनी.

संध्याकाळी मी तुळशीरामला गूळ सांगितला. तो म्हणाला, "सकाळी उठल्याबरोबर लिवतो." पण त्याआधीच त्याचं पोट दुखायला लागलं आणि त्याला ऑपरेशनला खामगावला नेलं. दुकान अठरा दिवस बंद. माझा निकाल माझ्या सांगण्याशिवाय कोणी पुसत नसे. मला वाटलं, जाण्याआधी त्यानं गूळ लिहिला. मला ती अक्षरं म्हणजे पांढऱ्या मुंग्या. कालच्या आणि आजच्या सारख्याच.

अठरा दिवस त्या फळ्याखाली बसून मी शेंगा सोलल्या. शालू चौथी शिकलेली, तिला वाचता येत होतं. ती बसला निघाली की मी हाक मारायची, "काऊन वं शालू, वाचलं काय? का आता आमच्यासंगं बोलाचंबी नाही?" ती फळ्याकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची आणि निघून जायची. मला वाटलं, गूळ डोक्यात गेला. मग मी आणखी छेडलं.

त्यानंतर ती कुठं गायली नाही. गावाला वाटलं, सोजरानं शालूचा गूळ मुद्दाम अडवला, म्हणून मला कोणी बोललं नाही. तुळशीरामनं परत येऊन फळा पुसला आणि तोंड शिवून घेतलं. गेल्या दिवाळीत तो मरायला टेकला तेव्हा म्हणाला, "सोजराबाई, शालूचा गूळ राह्यला. तुमी फळ्याखालीच बसून होत्या म्हणे. मले सांगाची हिंमत नाही झाली."

त्याला मी माफ करत नाही. तो मेला तरी नाही. ही मालमत्ता नाही, असं वकीलसाहेब म्हणतात. मी म्हटलं, लिहा, माझ्याजवळ याच्याहून जड काही नाही.

दिवाळीनंतर मी तीनदा शालूच्या दारात गेले. लोकांची चूक सांगताना मला कधी ठसका लागला नाही. आपली सांगायला जीभ उठेना. तिसऱ्या खेपेला वाटीभर साखर उसनी मागितली आणि परत आले.

कलम ६. शालूबाईचा दुसऱ्या दिवसाचा निकाल, जसा सांगितला होता तसा: "शालूबाई चाल विसरली. मंग तिनं डोळे मिटले आन् जे गायलं ते तिले कोणी शिकवेल नव्हतं. पेटीवाल्यानं हात थांबवला, कारण ते सूर त्याच्या पेटीत नव्हते. या गावात गाणारी ही एकच. आमी बाकीचे टाळ वाजवणारे." पेटीवाला म्हणजे माझा नवरा पुंजाजी. त्यानं त्या दिवसानंतर दुसऱ्या कोणाच्या गाण्याला मान हलवली नाही. हा निकाल मी गेल्यावर फळ्यावर अठरा दिवस ठेवावा.

कलम ७. पुंजाजीची पेटी शालूबाईला. माझ्या तेराव्याला तिनं गावं, अशी विनंती आहे. अट नाही.

कलम ८. वर न सांगितलेलं सगळं अविनाशला.

सही करण्याच्या दिवशीची भर: आज शालूबाईला बोलावलं आणि संजीवनीनं हे सगळं तिच्यापुढं वाचलं. ती ओट्यावर बसून होती. मी म्हटलं, "बोल ना वं काही."

ती म्हणाली, "तुमी माह्या दारात साखर मांगाले आल्या होत्या."

"हो."

"तवा सांगाचं होतं मावशी. तवा हे जित्ते होते. मी शिकून घेतलं नाही म्हणून हसू झालं, असं त्याईले शेवटपर्यंत वाटे."

तिचा नवरा गोविंदा डिसेंबरात वारला. मी फळ्याचं विचारलं. ती म्हणाली, "फळ्यावर नका लिवू. पुसते लोक. कागदावरच राहू द्या. साक्षीची सही कोन करून राह्यलं?"

वकीलसाहेब म्हणाले, "एक डॉक्टर. दुसरं कोणी पाहावं लागेल."

"मी करतो," शालू म्हणाली.

"बाई, तुम्हाला पेटी मिळते आहे. ज्याला मिळतं त्याची साक्ष आम्ही घेत नाही."

"मंग पेटी काढा."

मी म्हटलं, "अवं, पेटी घे. साक्ष कोणीबी करन."

"कोणीबी नाही मावशी. मीच."

गाशील काय, असंही विचारलं. ती म्हणाली, "नाही." तिनं आवाज चढवला नाही.

म्हणून कलम ७ आणि कलम ६ मधलं शेवटचं वाक्य खोडलं आहे. खोडाखोडीवर माझा अंगठा आहे. पेटी आता कलम ८ प्रमाणे अविनाशकडे जाईल, म्हणजे भंगारात. मी त्याच्याकडे पाहिलं, तो मोबाईलकडे पाहत होता.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तेच लिहिलं आहे, असं मानते. आयुष्यभर तसंच मानत आले.

ठिकाण: उंद्री
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

सोजराबाई पुंजाजी अंभोरे यांचा अंगठा

लिहिणार: संजीवनी अविनाश अंभोरे

साक्षीदार:

१. डॉ. प्रसेनजित गवई, चिखली. सोजराबाईंनी माझ्यासमोर अंगठा केला. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

२. शालूबाई गोविंदा पडघान, उंद्री. सोजरामावशीनं माझ्यासमोर अंगठा केला. कागद मी स्वतः वाचला. कलम सहा दोनदा वाचलं.