कान पिळायचा मान

गहिनीनाथ,

१९९४ साली तुझ्या बहिणीनं, शिवकन्येनं, बीडला जातीबाहेर रजिस्टर लग्न केलं. आठ दिवसांनी ती देविदासला घेऊन घरी आली. देवासमोर अक्षता पडाव्यात, एवढंच तिचं मागणं होतं. मी भटजी बोलावले. नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, म्हणून तुला हाक मारली. तू उंबऱ्यावरूनच म्हणालास, "कागदावर लगीन केलंय नव्हं? मग कागदालाच भाऊ म्हण." भटजी उठून गेले. ती दोघं पाणीही न पिता निघाली.

आता तुझ्या लेकीनं, तेजश्रीनं, पुण्यात तसंच लग्न केलं, तर तू उद्या अंगणात मांडव घालतोयस. रविराजला बहिणीच्या नवऱ्याचा कान कसा पिळायचा ते हसत शिकवतोयस. शिवकन्येला आमंत्रण का नाही, असं विचारलं तर म्हणालास, "इधवा बाई मांडवात कावून पायजे?"

विधवा मीही आहे. म्हणून सकाळच्या एसटीनं तिच्याकडे केजला चालले आहे. अक्षता रंगवून परातीत ठेवल्यात. तेजश्रीला माझं इरकल दे. तिच्यावर माझा राग नाही.

तुझे वडील शिवकन्येचं नाव न घेताच गेले. तू सरपंच झालास. ती अंगणवाडी चालवते. देविदास मागच्या पौषात वारला. मी केजला गेले की दरवेळी तो दारात विचारायचा, "मेव्हणे आले का हो संगं?" आणि स्वतःच्या कानाला हात लावून हसायचा.

आई