वाळूची चाळण

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
न. वि. वि. साष्टांग मुद्दामच घातला नाही. तू पाठवलेलं कात्रण वाचून कुणापुढे वाकावंसं वाटेना.

फोटो छान आला आहे. समितीच्या अध्यक्षाला शोभेल असं पोट आहे. मजकूर मात्र वाचवत नाही. तुमची तलाव सुशोभीकरण समिती उन्हाळ्यात आपला तलाव रिकामा करणार, तळाचा गाळ खरवडून काढणार, त्यावर फरशी बसवणार आणि मधोमध रंगीत कारंजं उडवणार. का, तर अध्यक्षांच्या मते तळ मेलेला आहे. जन्मभर इमारती बांधल्यास म्हणून मोकळी जमीन दिसली की फरशी घातलीच पाहिजे का?

तळ्यांच्या तळाशी काय जगतं हे बघण्यात माझी निम्मी हयात गेली. सख्ख्या बहिणीला एक ओळ टाकून विचारलं नाहीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हा गाळ गेला तर तलाव गेला, एवढं लक्षात ठेव. आणि तळ मेला हे कुणी, कशावरून ठरवलं ते लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे, कात्रणाने वाढलेला नाही.

तुझी,
मुंगी


२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ. तुझ्या साष्टांगावाचून माझं काही अडलेलं नाही. जेवण नेहमीसारखं जातं.

तळ मेला हे कुणा ऐऱ्यागैऱ्याने नाही, मी ठरवलं. होडीतून गाळाच्या पाट्या काढल्या आणि काठावर सगळ्या सभासदांसमोर, पाण्याचा पाइप लावून, माझ्या स्वतःच्या चाळणीतून चाळल्या. वर काय राहिलं? चपलेचा तळ, बाटल्यांची बुचं आणि एक फुटका शिंपला. बाकी काही नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. या चाळणीच्या वाळूवर अर्धं गाव उभं आहे, तेव्हा तिच्यावर शंका घेऊ नकोस.

आईच्या पिठाच्या डब्यात अळ्या निघाल्या की आई कपाळाला हात लावायची आणि तू टाळ्या पिटायचीस, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं. अळ्या बघायचा पगार मिळतो हे मी अजून लोकांना सांगत नाही. तुझ्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांपेक्षा आम्ही तलावाकाठी राहणाऱ्यांना काय सोसावं लागतं ते बघ. संध्याकाळी दिवा लावला की गच्चीवर चिलटांचा थर. चावत नाहीत, पण चहात पडतात. सकाळी तुझी वहिनी ढीग झाडून काढते.

उद्घाटनाला ये. शक्यतो बोलू नकोस.

तुझ्या भल्याची काळजी असणारा,
दादा


२८ फेब्रुवारी

ती. दादास,
न. वि. वि. पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या खोलीतले सहकारी बघायला आले. त्यांनाही वाचून दाखवलं.

म्हणजे तू वाळूची चाळण वापरलीस. अरे, तिच्या भोकांतून वाटाणा पडतो. आमची जाळी पिठाच्या चाळणीइतकी बारीक असते, कारण गाळातली वस्ती तेवढीच बारीक असते. ती सगळी तू पाइपाच्या पाण्याबरोबर वाहू दिलीस, वर राहिलेल्या चपलेची नाडी बघितलीस आणि तळाला मेलेला ठरवून मोकळा झालास.

आणि तुझ्या चहात पडणारी चिलटं कुठून येतात असं वाटतं, आभाळातून? ती याच गाळातून येतात. अळी असताना गाळात नळी करून राहतात आणि तळाशी पडलेला पालापाचोळा खाऊन संपवतात. त्यांच्यातल्या कितीकांचं रक्त तुझ्यामाझ्यासारखंच तांबडं असतं, म्हणून तिथल्या अपुऱ्या हवेतही तगतात. धाग्यासारखे जंत डोकं खाली खुपसून गाळ खालीवर करतात. शिंपले दिवसभर पाणी ओढतात आणि गाळून सोडतात. तुझी समिती काम न करता सभा भरवते. ते सभा न भरवता काम करतात.

वहिनीची पिठाची चाळण घे, पांढरं तसराळं घे आणि ओंजळभर गाळ धुऊन बघ. मग काम थांबव. तुझ्या एका सहीने थांबेल. हसू आलं तरी हे हसत लिहिलेलं नाही.

उत्तराची वाट बघणारी,
मुंगी


९ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि. तुमच्या पत्रानंतर यांनी चाळणीला हात लावला नाही, म्हणून मी लावला.

न्हाणीघरात तसराळं घेऊन बसले. आधी काहीच दिसेना. मग चिखलाचा एक कण हलला आणि एकदम सगळंच हलायला लागलं. तांबड्या अळ्या, तिळाएवढे शिंपले. एका गोगलगाईने शिंगं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी यांना हाक मारली. चष्मा लावून कितीतरी वेळ वाकून बघत होते. मला वाटलं, विरघळले. पण उठले आणि म्हणाले की आता काम थांबवायचं तर सभेत चाळणीची गोष्ट सांगावी लागेल, बहीण प्रयोगशाळेत हसली तसं अख्खं गाव हसेल. तसराळं मोरीत ओतलं आणि सही करायला गेले. मशीन सोमवारी येतंय.

खरं सांगू, तुम्हा भावंडांचा मला वीट आला आहे. एकाला हसं होण्याची भीती, दुसरीला हसण्याची हौस. टोमणे लिहिण्याऐवजी गाडीत बसून आला असतात, तर यांनी कदाचित ऐकलं असतं. तुम्ही शहाण्या आहात हे कळायला आम्हाला पत्र लागत नाही.

मला आता नवी चाळण आणायची आहे. राग मानू नका, मानलात तरी या.

तुमची,
वहिनी


१६ एप्रिल, पुढचं वर्ष

चि. मुंगीस,
अ. उ. आ. उद्घाटनाला आली नाहीस ते बरंच केलंस. भाषणं लांबली.

पाणी भरलं तेव्हा तळाची फरशी लख्ख दिसायची, लोक मुलांना उचलून दाखवायचे. मग पाणी हिरवं झालं. झाडांची पानं पडतात ती तशीच फरशीवर बसतात आणि कुजतात. खिडक्या लावून घ्याव्या लागतात. कारंज्याची तोंडं शेवाळाने तुंबली आहेत. समिती म्हणते ठेकेदार चोर. सभेत मीही तेच म्हणतो. समितीत सगळे मूर्ख आहेत, हे तुला आयतंच मिळालं.

गच्चीवर चिलट नाही. चिलटांमागे पाकोळ्या यायच्या, त्याही नाहीत. तुझी वहिनी संध्याकाळी तलावाकडे पाठ करून बसते. का, ते मी विचारलं नाही.

कामाचं लिहितो. तसला गाळ, म्हणजे अळ्याबिळ्यांसकट, कुठे मिळतो? ट्रकने मागवता येईल. दर कळव. हसलीस तरी चालेल.

दादा


२२ एप्रिल

ती. दादास,
न. वि. वि. हसले नाही. वहिनीच्या पत्रापासून जरा कमी केलं आहे.

गाळाला दर नसतो. ट्रक आणून फरशीवर ओतलास तर ट्रकभर घाण वाढेल. आधी फरशी उखडावी लागेल, सगळी. नंतर तळावर माती आणि पाचोळा हळूहळू साचू द्यायचा. चिलटं ओढ्याकडून आपली आपण येऊन अंडी घालतील, मग जंत येतील. शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून येतात, ती सर्वांत शेवटी. तू आणि मी असू की नाही सांगता येत नाही. येणाऱ्यांपैकी कुणालाही कारंजं लागत नाही.

पण त्याआधी सभेत उभा राहून चाळणीची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती तूच सांगायची. मी रविवारी येते. पहिल्या रांगेत बसेन आणि कुणी हसलं तर वळून त्याच्याकडे बघेन. माझं बघणं कसं असतं ते तुला माहीत आहे. वहिनीला सांग, माझी खुर्ची तलावाकडे तोंड करून ठेव, वास आला तरी.

साष्टांग अजून राहिला आहे. पहिली फरशी तू स्वतःच्या हाताने उखडलीस, तर तिथेच चिखलात घालीन.

तुझी,
मुंगी